हमी न देणारा मास्तर

ऑलिंपिया हे वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीचं गाव. हे वॉशिंग्टन म्हणजे व्हाइट हाउसचं वॉशिंग्टन नव्हे, ते पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, हे पुण्यातल्या मावश्या-काकूंना मी गेली तेरा वर्षं सांगते आहे. आमच्याकडे व्हाइट हाउस नाही, पण पाऊस आहे, उंचच उंच झाडं आहेत आणि ढग सरले की अचानक समोर उभा राहणारा माउंट रेनिअर आहे. उंची ४,३९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त, आणि बारा महिने बर्फात. इथले मूळ रहिवासी त्याला ताहोमा म्हणतात. बाकीचे लोक नुसतं ‘डोंगर’ म्हणतात. आज डोंगर बाहेर आलाय, असं दुकानातला माणूससुद्धा सांगतो, जसं काही तो घरातून फेरफटका मारायला निघालाय.

याच डोंगरावर ४ मार्च १९७९ रोजी विली अन्सोल्ड गेले. गावातल्या जुन्या लोकांत अजूनही हे नाव निघालं की जरा आवाज खाली येतो. आपल्याकडे एव्हरेस्ट म्हटलं की तेनसिंग आणि हिलरी, मग बचेंद्री पाल. अन्सोल्ड हे नाव फारसं कुणी घेत नाही. पण या माणसाचं आयुष्य आपल्या हिमालयाशी इतकं जोडलेलं आहे की ते मराठीत सांगावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

विल्यम अन्सोल्ड यांचा जन्म १९२६ चा, कॅलिफोर्नियातल्या आर्केटाचा. वाढले ऑरेगनमधल्या यूजीन गावात. शिक्षण ऐकाल तर गंमत वाटेल. आधी भौतिकशास्त्राची पदवी, मग धर्मशास्त्र, मग तत्त्वज्ञानात डॉक्टरेट. आपल्याकडे अशा मुलाला घरच्यांनी बसवून विचारलं असतं की बाबा, तुला नक्की करायचंय काय? त्यांना काय करायचं होतं ते एकोणिसशे एकोणपन्नासातच दिसत होतं. बावीस-तेवीस वर्षांचा हा पोरगा खिशात फारसे पैसे नसताना युरोपातून भटकत भारतात पोचला आणि बद्रीनाथजवळच्या नीलकंठ शिखरावर चढाईचा प्रयत्न करून आला. शिखर काही मिळालं नाही. मात्र गढवालात असताना दुरून नंदादेवी दिसली. ७,८१६ मीटरचं ते शिखर पाहून त्यांच्या मनात आलं की आपल्याला मुलगी झाली तर तिचं नाव हेच ठेवायचं. आधी लग्न तर होऊ दे, असं म्हणायला बरोबर कुणी नसावं!

१९५१ मध्ये जोलीनशी लग्न झालं. चार मुलं झाली. त्यातल्या एका मुलीचं नाव, १९५४ साली, खरोखरच नंदादेवी ठेवलं. घरात तिला देवी म्हणत. ऑरेगनमध्ये देवी अन्सोल्ड नावाची गोरी, सोनेरी केसांची मुलगी शाळेत हजेरी देत असेल तेव्हा मास्तरांना काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात येतो. आपल्या मुलांच्या नावांचं इथल्या शाळांत काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

अन्सोल्ड उन्हाळ्यात वायोमिंगमधल्या टीटन पर्वतात गाइडचं काम करायचे आणि बाकी वर्षभर कॉलेजात तत्त्वज्ञान व धर्म शिकवायचे. दाढी भरघोस, खिशात माउथ ऑर्गन. १९५४ मध्ये ते मकालूच्या मोहिमेत होते. १९६० मध्ये काराकोरममधल्या ७,८२१ मीटरच्या माशेरब्रम शिखरावर जॉर्ज बेल यांच्याबरोबर पहिली यशस्वी चढाई केली. मग १९६२ मध्ये केनेडींच्या पीस कॉर्प्सचं काम नेपाळात सुरू झालं, तेव्हा तिथले उपसंचालक म्हणून सगळं कुटुंब घेऊन काठमांडूला गेले. मुलं तिथे राहिली, नेपाळी बोलायला लागली.

एव्हरेस्टची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण अन्सोल्ड यांना पुढे गुरू मानणाऱ्या शेकडो मुलांनी याच गोष्टीवरून त्यांना ओळखलं.

१९६३ ची अमेरिकन मोहीम. नेते नॉर्मन डायरेनफर्थ. सुरुवातीलाच, २३ मार्चला, खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाची भिंत कोसळून जेक ब्राइटनबाख गेले. मोहीम थांबली नाही. १ मे रोजी जिम व्हिटेकर आणि शेर्पा नवांग गोंबू नेहमीच्या साउथ कोलच्या वाटेने माथ्यावर पोचले. अमेरिकेला हवं होतं ते मिळालं. पैसे देणारे खूश, वर्तमानपत्रं खूश. पण मोहिमेत दोन माणसं अशी होती की त्यांना त्या वाटेत काही रस नव्हता. अन्सोल्ड आणि भूलतज्ज्ञ डॉक्टर टॉम हॉर्नबाइन. त्यांना पश्चिम धारेने जायचं होतं, जिथून कुणीच वर गेलं नव्हतं. ऑक्सिजन आणि शेर्पा आधी दुसऱ्या वाटेला दिले गेले होते, त्यामुळे हे दोघं आणि त्यांचे साथीदार आठवडेच्या आठवडे हात चोळत बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा वादळाने तंबू माणसांसकट उतारावरून खाली ढकलले. तरी पुन्हा लागले.

२२ मे ला दोघे शेवटच्या तळावरून निघाले. वाटेत एक टप्पा असा आला की खडक ठिसूळ, खुंट्या धरत नाहीत, दोर लावून परत उतरणं अशक्य. खाली रेडिओवरून तसं कळवलं. म्हणजे आता घरी जायची वाट एव्हरेस्टच्या माथ्यावरून पलीकडे. संध्याकाळी सव्वासहाला ते माथ्यावर पोचले. त्या वेळेला सूर्य मावळत असतो, शहाणा माणूस त्या वेळी तंबूत असतो. ते दोघे अनोळखी बाजूने, अंधारात, दुसऱ्या पावलांच्या खुणा शोधत उतरू लागले. खाली हाका ऐकू आल्या. त्याच दिवशी साउथ कोलकडून चढलेले ल्यूट जर्स्टॅड आणि बॅरी बिशप दमून तिथे होते. मध्यरात्रीनंतर चौघांना पुढे जाता येईना. सुमारे २८,००० फुटांवर, म्हणजे साडेआठ हजार मीटरवर, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, ऑक्सिजन संपलेला, अशा अवस्थेत ते खडकावर पहाट होईपर्यंत बसून राहिले. त्या रात्री वारा पडला होता. वारा असता तर मला हा लेख लिहायची वेळ आली नसती.

रात्री हॉर्नबाइन यांचे पाय गार पडायला लागले. अन्सोल्ड यांनी त्यांचे बूट काढायला लावले आणि ते पाय आपल्या पोटावर, कपड्यांच्या आत घेऊन ऊब दिली. हॉर्नबाइननी विचारलं की आता तुझे पाय देऊ? अन्सोल्ड म्हणाले, माझे ठीक आहेत. ते ठीक नव्हते, बधिर झाले होते, म्हणून दुखत नव्हते. हॉर्नबाइन यांची बोटं वाचली. अन्सोल्ड यांची पायाची नऊ बोटं हिमदंशाने गेली. बिशप यांची सगळी गेली. दोघांना शेर्पांनी पाठीवरून नामचे बाजारपर्यंत आणलं आणि तिथून हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं.

एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने एव्हरेस्ट उतरण्याचा तो जगातला पहिला प्रसंग. गिर्यारोहणात याला फार मोठं मानतात. मला स्वतःला पोटावर घेतलेले ते दोन पाय जास्त मोठे वाटतात.

नेपाळातली नोकरी, मग आउटवर्ड बाउंड या संस्थेचं काम आणि शेवटी आमचं ऑलिंपिया. इथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलं आणि पहिल्या प्राध्यापकांत अन्सोल्ड होते. हे कॉलेज अजब आहे. मार्क नाहीत, ग्रेड नाही. शिक्षक विद्यार्थ्याबद्दल पानभर लिहून देतो. कॉलेजचं मानचिन्ह आहे गूईडक, म्हणजे समुद्राच्या चिखलात राहणारा लांब मानेचा अवाढव्य शिंपला. वाघ-सिंह सोडून शिंपला घेणारं कॉलेज कसं असेल याची कल्पना करा. तिथे अन्सोल्ड यांच्यासारखा माणूस पाण्यात मासा सोडावा तसा रमला. वर्गात तत्त्वज्ञान आणि शनिवारी-रविवारी बर्फ. बोटं नसलेले पाय, झिजलेले खुबे शस्त्रक्रिया करून बदललेले, लंगडत चालायचे, आणि तरी विसाव्या वर्षाच्या मुलांच्या पुढे असायचे.

आमच्या ओळखीचे एक आजोबा त्या काळात तिथे शिकलेले आहेत. ते सांगतात की सर दोर कसा बांधायचा ते शिकवायचे, पण खरं शिकवायचे ते दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे. त्यांचं म्हणणं असं की डोंगर हे ठिकाण राहायला नाही, परत यायला आहे. तिथे जे काही दिसलं, जाणवलं, त्याने खाली आल्यावर माणसांशी, त्यांच्या अडचणींशी वागण्यात फरक पडला तरच ते चढणं खरं.

आणि दुसरी गोष्ट. पालक येऊन विचारायचे की आमचं मूल तुमच्याबरोबर सुरक्षित आहे ना? अन्सोल्ड सरळ सांगायचे की याची हमी मी देऊ शकत नाही. धोका खरा आहे, मूल मरूही शकतं. पण कुठल्याच धोक्याला कधीच सामोरं न जाऊ देता वाढवलेलं मूल आतून मरतं, असं त्यांना वाटायचं.

मागच्या वर्षी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला एका ग्रुपबरोबर रेनिअरवर बर्फातलं प्रशिक्षण घ्यायला जायचं होतं. पालकांच्या सहीचा फॉर्म आला, चार पानी. त्यात हेच लिहिलं होतं, की हमी नाही, मृत्यू येऊ शकतो, तक्रार चालणार नाही. वकिलाने लिहिलेलं, बारीक अक्षरात. मी पुण्यात कॉलेजात असताना भावाबरोबर राजगड-तोरणा केला, एकदा ढाकच्या बहिरीला गेले, तेव्हा आईने फक्त डबा दिला होता आणि लवकर ये म्हटलं होतं. फॉर्म हातात घेऊन मला वाटलं की कागदावर लिहिणं आणि एखाद्या आईच्या डोळ्यात बघून तेच वाक्य बोलणं यात केवढा फरक आहे. सही मी केली. पण त्या आधी तिथल्या प्रशिक्षकाला बर्फाबद्दल अर्धा तास प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

अन्सोल्ड यांनी ती गोष्ट दुसऱ्यांच्या मुलांपुरती ठेवली नाही, म्हणून त्यांच्यावर मला सरसकट रागावता येत नाही.

१९७६. नंदादेवीच्या पहिल्या चढाईला चाळीस वर्षं होत होती. १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल तिथे पोचले होते. बावीस वर्षांच्या देवीला आपल्या नावाचं शिखर चढायचं होतं आणि तिच्याच हट्टातून भारतीय-अमेरिकन मोहीम ठरली. नेते दोन, अन्सोल्ड आणि अ‍ॅड कार्टर. सुरुवातीपासून खटके उडत होते. दोर किती लावायचे, चढाई कोणत्या पद्धतीने करायची, स्त्री-पुरुष एकत्र मोहिमेत असावेत का, सगळ्यावर वाद. जॉन रॉस्केली हे त्यातले सर्वांत दमदार चढणारे आणि सर्वांत स्पष्ट बोलणारे. त्यांनी पुढे १९८७ मध्ये या मोहिमेवर कडवट पुस्तक लिहिलं. १ सप्टेंबरला रॉस्केली, जिम स्टेट्स आणि लू राइकार्ट नव्या वाटेने माथ्यावर पोचले. देवी मागून वर चढत होती. पोटाचा त्रास होता, तब्येत बरी नव्हती, तरी सुमारे २४,००० फुटांवरच्या चौथ्या तळावर आली. तिथे हवा बिघडली. बरोबर वडील होते, पीटर लेव्ह होते आणि अँडी हार्वर्ड होते, ज्याच्याशी तिने याच मोहिमेत लग्न ठरवलं होतं.

८ सप्टेंबरला तिला खाली न्यायची तयारी चालू असताना ती अचानक कोसळली. वडिलांनी तोंडाने श्वास दिला, देत राहिले. ती गेली. तिघांनी तिला स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळलं, प्रार्थना केली आणि डोंगराच्या स्वाधीन केलं.

गढवालात नंदा ही गावची लेक आहे, कैलासाला सासरी जाणारी. तिला पोचवायला राजजात नावाची यात्रा निघते आणि बायका लेक सासरी जाते तशा रडतात. आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात त्या माहेरी येतात. तिथे निरोप सासरी जायचा असतो. देवी गेल्यावर तिथल्या लोकांत बोललं जाऊ लागलं की ही नंदाच होती, परदेशात जन्म घेऊन आपल्या घरी परत आली. अन्सोल्ड यांना हे ऐकून आधार वाटला असेल का? मुलगी गेलेल्या बापाला देवत्वाचा किती उपयोग, हे मी सांगू शकत नाही. खूप जणांनी त्यांना दोष दिला, आजारी मुलीला खाली पाठवायला हवं होतं म्हणून. मलाही तेच वाटतं. चौथ्या तळावर ती पोचायलाच नको होती.

ते घरी आले आणि पुन्हा शिकवायला लागले. देवीबद्दल लोकांसमोर उघड बोलायचे, रडू आलं तर रडायचे. अमेरिकेत त्या वयाच्या पुरुषांनी असं करायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती.

अडीच वर्षं झाली. मार्च १९७९ मध्ये ते एव्हरग्रीनच्या विद्यार्थ्यांना घेऊन रेनिअरवर हिवाळी चढाईला गेले. वय ५२. इंग्राहम हिमनदीवरच्या सपाटीवर त्यांचा वरचा तळ होता. वादळ आलं, माथा सोडून द्यावा लागला, आणि खाली कॅम्प म्यूरच्या दगडी झोपडीकडे उतरायचं ठरलं. जवळची वाट ‘कॅडॅव्हर गॅप’ या खिंडीतून होती. नावाचा अर्थ मुडद्याची खिंड. ताज्या बर्फाचा तीव्र उतार. अन्सोल्ड चौघांच्या पहिल्या दोरावर सर्वांत पुढे उतरले आणि उतार सुटला. हिमस्खलनाखाली चौघे ओढले गेले. दोघे वाचले. अन्सोल्ड आणि २१ वर्षांची एक विद्यार्थिनी पूर्ण गाडले गेले.

त्यांना उकरून काढलं ते बाकीच्या विद्यार्थ्यांनीच. श्वास परत यावा म्हणून धडपड केली, ती निष्फळ ठरली. मग दोघांना तिथेच ठेवून, समोरचं दिसत नसताना, त्या मुलांनी कॅम्प म्यूर गाठला. मोठं कुणी सांगायला नव्हतं. दोर बांधायला, एकमेकांना धरायला, पाय गार पडले की ऊब द्यायला ज्यांनी शिकवलं ते वर बर्फात होते. बाकीची सगळी मुलं जिवंत खाली आली.

एव्हरग्रीनमध्ये आणि साऱ्या वायव्य अमेरिकेतल्या गिर्यारोहकांत जो शोक झाला तो साधा नव्हता, असं आमचे आजोबा सांगतात. रडायचं कुणासाठी आणि रागवायचं कुणावर? ती खिंड का निवडली? ताज्या बर्फावर वाट पाहता आली नसती का? दुसऱ्या कुणाच्या लेकीला तिथे नेताना स्वतःची लेक आठवली नसेल का? गुरूवर प्रेम करणारी माणसंच हे प्रश्न विचारत होती. इथल्या गिर्यारोहकांत ही एक रीत आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल छापतो. कोण कुठे चुकलं ते कोरड्या शब्दांत, मोठ्या नावांनाही न सोडता. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर रॅपलिंग करताना अरुण सावंत गेले, तेव्हा सह्याद्रीत त्यांच्याकडून शिकलेली किती तरी माणसं पोरकी झाली. माझा भाऊ फोनवर नीट बोलू शकत नव्हता. त्याला मी इथल्या या अहवालांबद्दल सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. मग दोन दिवसांनी त्याने स्वतःहून विचारलं की ते वाचायला कुठे मिळतात.

जोलीन अन्सोल्ड यांनी अडीच वर्षांत मुलगी आणि नवरा दोन्ही गमावले. त्या स्वतः चढाई करणाऱ्या होत्या आणि सरकारी कारभार लोकांसमोर उघडा असावा म्हणून या राज्यात आधीपासून झगडत होत्या. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या अमेरिकन काँग्रेसमध्ये दाखल झाल्या आणि १९९५ पर्यंत आमच्या भागाच्या प्रतिनिधी होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. नंदादेवीच्या भोवतीचं आतलं खोरं १९८३ पासून गिर्यारोहकांना बंद आहे. जिथे देवी आहे तिथे आता कुणी जात नाही. रेनिअरवर मात्र दर उन्हाळ्यात हजारो लोक चढतात आणि बहुतेकांचा पहिला मुक्काम कॅम्प म्यूरलाच असतो, ती मुलं त्या दिवशी पोचली त्याच जागी.